अभाव कुणाचा?

४ फेब्रुवारी

चि. पणू,

आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस आणि माझ्या डाव्या कानाला तुझं निम्मंच ऐकू येतं. उरलेलं निम्मं तुझी आई मला नंतर चुकीचं सांगते. वाद घालायचाच तर तो लेखी घालावा.

आणि वाद आहेच. निवृत्त झाल्यापासून मी न्यायदर्शनातल्या शब्दांचा कोश करतोय हे तुला माहीत आहे. (न्याय शिकवायचो म्हटल्यावर शेजारी अजून मला वकील समजतात. परवा एक जण भाडेकराराचा कागद घेऊन आला होता.) आता प्रकाशकांनी नवंच खूळ काढलंय. प्रत्येक मोठ्या शब्दाखाली आजच्या तत्त्वज्ञांचं मतही हवं म्हणे. आजचे तत्त्वज्ञ मी कुठून आणू? घरातली एक भाची तिकडे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते, तिलाच कामाला लावावं असं ठरवलं. गाडं पहिल्याच अक्षरावर अडलंय. शब्द आहे 'अभाव'.

आमची बाजू थोडक्यात सांगतो. आम्ही वास्तववादी माणसं. आपण पाहिलं म्हणून जग असतं असं नाही. ते असतं म्हणून दिसतं. इथवर तुझंही भांडण नसावं. पण आमचे लोक आणखी एक पाऊल पुढे गेले. ते म्हणाले, नसणंसुद्धा खरं असतं. मी सकाळी टेबलाकडे पाहतो तेव्हा चष्मा तिथे नाही हे मला दिसतं. चष्म्याचा अभाव टेबलावर असतो आणि तो डोळ्यांना दिसतो. (तेही चष्म्याशिवाय, हे विशेष, असं तुझी मामी म्हणते.)

त्याचे प्रकार तुला लहानपणी शिकवले होते, तरी उजळणी कर. वस्तू व्हायच्या आधी तिचं नसणं म्हणजे प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण वस्तू झाली की तो संपतो. वस्तू मोडल्यानंतरचं नसणं म्हणजे प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. वाऱ्याला रंग कधीच नसतो, तो अत्यंताभाव. आणि टेबल म्हणजे खुर्ची नव्हे, हा चौथा. यावर तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे ते दोन पानांत लिहून पाठव. बोलायला लागल्यापासून 'पण' म्हणतेस म्हणून तुला पणू म्हणतो. तेव्हा तयारी तुझी असणारच.

जावईबापूंच्या सुतारकामाला बरकत येवो.

तुझा मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

पण!

समजा तुझ्या टेबलावर चष्म्याचा अभाव बसलाय. मग तिथे हत्तीचाही अभाव आहे. जहाजाचा आहे, शेजारच्या भाडेकरूचा आहे, त्याच्या सासूचाही आहे. एवढं सगळं त्या बिचाऱ्या टेबलावर? मामीने फडकं मारायचं तरी कुठे?

आमची बाजू सोपी आहे. 'नाही' हे वाक्याला लागतं, जगाला नाही. 'टेबलावर चष्मा नाही' म्हणजे टेबलावर ज्या ज्या वस्तू आहेत त्यातली एकही चष्मा नाही. संपलं. जगात जे आहे तेच आहे. 'नाही' नावाचा जादा पाहुणा तिथे मुक्कामाला नाही. परवा वर्गात एका मुलीने विचारलं, मोजा धुतला की त्याचं भोकही धुतलं जातं का? सगळे हसले. मी तिला पूर्ण गुण दिले, कारण तू त्या वर्गात असतास तर 'हो' म्हणाला असतास.

दोन पानं लिहीन, पण जरा उशीर होईल. दुपारनंतर डोळे मिटायला लागतात. तुझं पत्र निवांत वाचावं म्हणून चहा केला होता, तो ओतून टाकला. हल्ली चहाचा वासच नको झालाय. हा संध्याकाळी दुकानातून आला की धाकट्या खोलीत शिरतो, भिंती मोजतो, पेन्सिल कानावर ठेवतो आणि मग घरभर पेन्सिल शोधतो. त्याला म्हटलं, कानावर अभाव नाहीये तिचा.

एक बातमी आहे. आत्ता सांगत नाही. सध्या तिचा प्रागभाव समज. फक्त आईला सांगितलंय, आणि कुणाला बोललीस तर तुझ्याशी बोलणार नाही असा दमही दिलाय. तेव्हा तिला छळू नकोस.

पणू


१५ मार्च

चि. पणू,

हत्ती, जहाज आणि भाडेकरूची सासू, सगळ्यांचे अभाव टेबलावर खुशाल बसू देत. अभावाला वजन नसतं आणि तो जागाही अडवत नाही. तुझा पेच कुठे आहे सांगू? चष्मा असलेलं टेबल आणि चष्मा नसलेलं टेबल यांत टेबल तेच. मग फरक कशाचा? तू म्हणशील, आपल्या अपेक्षेचा. पण मी अपेक्षा सोडली म्हणून चष्मा परत येत नाही. फरक टेबलाकडे आहे, माझ्या डोक्यात नाही. याला उत्तर दे.

आणि तुझी बातमी मी ओळखली! नोकरी कायम होतेय, हो ना? दुपारी झोप येते म्हणजे कामाचा ताण. खोली मोजली जातेय म्हणजे बाईसाहेबांना घरी अभ्यासिका हवी. अनुमान कसं वाटलं? जन्मभर धूर पाहून आग ओळखायला शिकवत आलो, ते वाया गेलं नाही म्हणायचं. मामी म्हणते, सांगायचं तेव्हा सांगेल, तुम्ही खोदू नका. तेव्हा खोदत नाही. वाट मात्र पाहतोय.

मामा


२ मे

मामा,

दोन पानं सोबत आहेत. तुझ्या टेबलाचं उत्तर त्यात आलंय. उशीर झाला कारण मध्ये तब्येत बरी नव्हती. आता ठीक आहे.

तू ज्या बातमीची वाट पाहत होतास, तिचा प्रध्वंसाभाव झाला. त्याबद्दल जास्त लिहायला लावू नकोस.

मामीला नमस्कार.

पणू


१६ मे

चि. पणू,

पानं उत्तम! शेवटचा परिच्छेद तर मी दोनदा वाचला. "नसलेल्या गोष्टी जगाच्या यादीत नसतात. आपण त्यांच्याबद्दल बोलतो, एवढंच." मला मुळीच पटलेलं नाही, पण असं न पटणारं लिहायलाही हातोटी लागते. पोरीला शिकवलेलं वाया गेलं नाही, असं मामीला म्हटलं.

नोकरीचं ऐकून वाईट वाटलं. अशा जागा आज जातात, उद्या येतात. तू हिरमुसून बसू नकोस. पण शिक्षकाची खोड जात नाही, तेव्हा एक चूक दाखवतो. तू प्रध्वंसाभाव लिहिलास. जी नोकरी मिळालीच नाही तिचा ध्वंस कसा होईल? जे झालंच नाही ते मोडत नाही. हा साधा प्रागभाव, आणि तो अजूनही संपू शकतो. त्यातच आशा आहे बघ! तुझ्यासारखीने असा घोळ घालावा म्हणजे कमाल झाली. तुझ्या पत्रावर लाल पेनाने दुरुस्ती करून ठेवली आहे.

तब्येतीचं काय झालं होतं? पोट असेल. वेळेवर जेवत जा.

मामा


९ ऑगस्ट

पणू,

तुझं पत्र आलं नाही. मी दोन पत्रं लिहिली आणि फाडली.

कोशातली नोंद पुरी करायला बसलो होतो. 'प्रध्वंसाभाव: उत्पन्न झालेल्या वस्तूच्या नाशानंतरचा अभाव' एवढं लिहिलं आणि हात थांबला. हे वाक्य तुला लहानपणापासून पाठ आहे. मामीच्या हातून काचेची बरणी फुटली तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दारात नाचत ओरडली होतीस, "मामीने प्रध्वंसाभाव केला!" आणि पाठीत धपाटा खाल्ला होतास. ती मुलगी या शब्दात चुकेल?

चुकणार नाही. मग जे गेलं ते आधी झालेलं होतं. मग ती नोकरी नव्हती.

मी तुझी सगळी पत्रं काढली आणि मामीला मोठ्याने वाचून दाखवली. फेब्रुवारीच्या पत्रात चहाशी आलो तसं तिने मला थांबवलं. म्हणाली, "अहो, नोकरीने चहाचा वास नको होतो का?" आणि उठून आत गेली.

पोरी, तुझा शब्द बरोबर होता. मी बरोबर शब्दावर लाल पेन चालवलं, आणि वर आशा आहे बघ म्हणून उपदेश केला. माझी मलाच लाज वाटते. तुझ्या आईला मी काही विचारलेलं नाही. तुला लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तरी मी इथेच आहे.

मामा


२५ ऑगस्ट

मामा,

हो. मार्चच्या शेवटी.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. असं बऱ्याच जणींचं होतं, कारण सापडत नाही, तुझं काही चुकलेलं नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. आई आली, राहिली, माझे केस विंचरले, मला भरवलंसुद्धा. आणि रोज तेच एक वाक्य, "अगं, काही नव्हतंच अजून. मनाला लावून घेऊ नकोस." प्रेमानेच म्हणायची, त्यामुळे तिच्यावर चिडताही येईना. याने धाकट्या खोलीत पाळण्यासाठी आणून ठेवलेल्या फळ्या एका सकाळी दुकानात परत नेल्या, मला न विचारता. मला त्रास नको म्हणून. तेव्हापासून आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललेलो नाही. तो गप्प असतो, मी गप्प असते, आणि दोघं एकमेकांना फार जपतो. त्या जपण्याने जीव गुदमरतो माझा.

तुझ्या पत्राचा राग आला होता. तू लाल पेनाने शब्द खोडलास तेव्हा वाटलं, चला, आता कागदावरूनही गेलं.

पण खरा राग तुझा नव्हता. ती दोन पानं मी अंथरुणात पडून लिहिली होती. पाठवल्यावर प्रत पुन्हा वाचली तर ते आईचंच वाक्य निघालं, फक्त तळटीपा लावून. काही नव्हतंच. आपण त्याबद्दल बोलतो, एवढंच. हे मी शिकवते, मामा! मुलं लिहून घेतात!

तर आता विचारते. मामा म्हणून उत्तर देऊ नकोस. मला बरं वाटावं म्हणून 'होतं' म्हणणार असशील तर पत्र टाकूच नकोस. बरं वाटावं म्हणून बोलणारे इथे पुष्कळ आहेत. मला खरं काय ते हवंय. होतं की नव्हतं?

पणू


१२ सप्टेंबर

पणू,

तुझ्या प्रश्नाला मला जमेल तेवढं सरळ उत्तर देतो. ते मूल कोण झालं असतं, कसं झालं असतं, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यातलं काही बोलणार नाही, कारण मला ते माहीत नाही. तू विचारलंस तेवढंच घेतो.

आमच्याकडे कुणी 'नाही' म्हटलं की लगेच विचारतात, कुणाचं नाही? ज्याचं नसणं आहे त्याला प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी नसेल तर अभावही नाही. नुसतं नसणं, कुणाचंच नसलेलं, जगात कुठे मिळत नाही. आता तुझ्या आईचं वाक्य घे. काही नव्हतंच, मनाला लावून घेऊ नकोस. काही नव्हतंच, तर मनाला काय लावून घेऊ नकोस? वाक्याचं शेपूट वाक्याच्या डोक्याला खोटं पाडतंय. ती माझी धाकटी बहीण आहे, लहानपणापासून असंच बोलते.

तुझ्या त्या दोन पानांच्या बाजूने जितकं जोरात बोलता येईल तितकं मी स्वतःशी बोलून पाहिलं. म्हटलं, गेली ती फक्त आशा. आशा मनात असते, ती मोडली. जगातलं काही कमी झालं नाही. यावर मी बरेच दिवस अडकलो. मग असं दिसलं, की आशा मोडते तशी पुन्हा धरताही येते. उद्या तुला पुन्हा आशा वाटली, तर आशेचं नसणं संपेल. पण तेव्हा हे गेलेलं भरून येईल का? हे मी इथून ठरवू शकत नाही, तूच पाहा. भरून येणार नसेल, तर गेली ती आशा नव्हे, दुसरंच काही गेलं. नवा घडा आणला तरी फुटलेला फुटलेलाच राहतो.

ते केवढंसं होतं, किती थोडा वेळ होतं, हा प्रश्नच नाही. जन्मभर टिकलेला घडा आणि चाकावरून उतरताच फुटलेला घडा, 'झाला' या बाबतीत दोघांत काडीचा फरक नाही.

आता माझा मुख्य पुरावा. हा मला पोथीत मिळाला नाही, माझ्याच मूर्खपणात मिळाला. मार्चमध्ये मी इथे खुर्चीत बसून नोकरी, नोकरी म्हणत होतो. चुकलो. पण चुकायलाही समोर काही असावं लागतं. तिथे काहीच नसतं, तर माझं 'नोकरी' म्हणणं चूक कशाच्या जोरावर ठरलं? मला माहीत नव्हतं, तुझ्या वर्गातल्या मुलांना माहीत नव्हतं, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्हा सगळ्यांचं अज्ञान मिळूनसुद्धा त्याच्या असण्याला धक्का लावू शकलं नाही. आम्ही जाणावं म्हणून ते थांबलेलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं वर्गात हेच सांगत आलो, की वस्तू आपल्या माहितीची मिंधी नसते. आणि माझ्याच भाचीच्या बाबतीत मला ते लाल पेन हातात घेऊन विसरायला झालं.

तेव्हा उत्तर असं आहे: होतं.

हे मी मामा म्हणून म्हटलेलं नाही. मामा म्हणून मी रडतोय, ते वेगळं. मामी विचारते, आम्ही दोघं येऊ का?

मामा


७ मार्च

मामा,

तुम्ही येऊन गेलात त्यालाही आता बरेच महिने झाले. मामीने लावून दिलेले कप्पे मी अजून विसकटलेले नाहीत, तिला सांग.

तुम्ही होता तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली, ती आता सांगते. तुझं सप्टेंबरचं पत्र आलं त्या रात्री मी ते याला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायला गेला नाही. आम्ही धाकट्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसलो आणि त्याने विचारलं, "तुला काय वाटलं होतं गं, मुलगा की मुलगी?" दोघांची उत्तरं वेगळी निघाली. त्यावरून भांडलो, चक्क आवाज चढवून. मग हसलो. मग तो रडला, आणि मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

आईला तुझं शेपटाचं वाक्य ऐकवलं. आधी फुरंगटली, दादाला काय कळतंय म्हणाली. मग म्हणाली, "मी घाबरले होते गं. होतं म्हटलं असतं, तर तू कोसळली असतीस असं वाटलं मला." तिच्यावरचा माझा राग तिथेच संपला.

आता नोंद. पण! तुझा अभाव मला अजून पटलेला नाही. टेबलावर हत्तीचा अभाव बसतो हे मी मरेपर्यंत मानणार नाही. माझी पानं आहेत तशी छाप, फक्त शेवटचा परिच्छेद काढ आणि तिथे हे घाल: "'नाही' हा शब्द वाक्यातला असेल, पण गेलेल्याबद्दल जेव्हा आपण तो म्हणतो, तेव्हा ते गेलेलं वाक्यातलं नसतं, जगातलं असतं." याहून नीट मला अजून जमत नाही. प्रकाशकांना चालत नसेल तर त्यांना माझ्याकडे पाठव.

आणि बातमी आहे. या वेळी तुला अनुमान करायला लावत नाही. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं दवाखान्यात गेलो होतो. अगदी सुरुवात आहे, कशाचीच खात्री नाही. मला आनंद होतो आणि लगेच भीती वाटते, दिवसातून कितीदा तरी. आत जायच्या आधी एक नवी नर्स माझं वजन करत होती. हसरी, बोलकी मुलगी. काट्यावरचा आकडा टिपून घेता घेता तिने सहज विचारलं, "पहिलंच ना?"

हा माझी पर्स धरून शेजारी उभा होता. त्याने श्वास रोखून धरल्याचं मला न बघता कळलं.

मी म्हटलं, "नाही. दुसरं."

पणू